एकही नाही

४ जून

प्रिय मावशी,

तुला फोनवर धड ऐकू येत नाही, हे एका परीनं बरंच झालं. तोंडानं सांगताना मी दहा ठिकाणी अडखळले असते. कागदावर सगळं सरळ उतरतं.

मला नवीन काम चिकटलंय. ऑक्टोबरमध्ये आमच्या हॉस्पिटलची तपासणी आहे. मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "सिस्टर, तुमचं अक्षर चांगलं आहे, तेव्हा हे तुम्हीच करा." अक्षर चांगलं असण्याचे तोटे तुला माहीतच आहेत. काम असं की डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत दीडशे जणांना तीस प्रश्नांचा एक कागद द्यायचा. पेशंटच्या सुरक्षेबद्दल कोणाला किती माहिती आहे आणि कोणाला काय वाटतं, ते भरून घ्यायचं आणि टक्केवारी काढायची.

मावशी, काय सांगू, आमचं हॉस्पिटल म्हणजे विद्वानांची सभा आहे! हात कधी धुवावेत, रक्त देण्याआधी काय तपासावं, कुठलं औषध पातळ न करता शिरेत देऊ नये, सगळं सगळ्यांना तोंडपाठ. मी खूश झाले. मग शनिवारी सकाळी पट्ट्या कापायच्या निमित्तानं दोन तास बेसिनपाशी उभी राहिले. त्रेसष्ट वेळा कोणी ना कोणी एका पेशंटकडून दुसऱ्याकडे गेलं. हात धुतले गेले अकरा वेळा, आणि त्यातले चार वेळा मीच!

पण खरा धका शेवटच्या प्रश्नानं दिला. 'गेल्या वर्षात तुमच्या हातून किंवा तुमच्यासमोर किती चुका झाल्या आणि त्यांपैकी किती कळवल्या?' एकशे एकोणपन्नास कागदांवर एकच उत्तर: 'एकही नाही.' वर्षभरात, दोनशे खाटांवर, एकही नाही. फक्त एका कागदावर मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय, 'चार झाल्या. कळवायच्या कुठे?' तो कागद आमच्या वॉर्डातल्या आयाबाईंचा. (आमच्याकडे त्यांना सगळे मावशीच म्हणतात, पण तुझ्याशी गल्लत नको.)

तू बत्तीस वर्षं नोकरी केलीस. निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले होते, 'बाईंच्या नावावर एकही चूक नाही.' मी तेव्हा शाळेत होते, पण नर्स व्हायचं माझं तिथंच ठरलं. तुझा शून्य मला खरा वाटतो. यांचा का वाटत नाही गं?

तुझी,
ठमी


११ जून

ठमे,

पत्र मिळालं. चष्मा बदललाय, त्यामुळे तुझं ते कौतुकाचं अक्षर आता नीट वाचता आलं. 'धक्का' शब्दाला एक क कमी पडलाय. सरकारी कागदावर असं लिहू नकोस.

माहिती सगळ्यांना असते. पोहायचं कसं हे काठावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. एका सिस्टरकडे वीस पेशंट दिले की कसले प्रश्न आणि कसली उत्तरं! बेसिनपाशी उभी राहून तू जे मोजलंस ते खरं, पण ते कोणाला दाखवू नकोस. हात दाखवून अवलक्षण कशाला?

त्या आयाबाईंचा कागद बाजूला काढ आणि हरवून टाक. मी गंमत करत नाही. त्या बाईची नोकरी तिच्या अक्षरासारखीच असणार, एका फटक्यात मोडणारी. शिवाय चूक म्हणजे काय, हे तिला कुठून कळणार?

माझं विचारतेस, तर डोळे उघडे आणि तोंड बंद, एवढंच मी केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलेच दात, आपलेच ओठ. ही वाक्यं तुला जुनाट वाटतील, पण म्हणींवर बत्तीस वर्षं निघाली.

गुडघा तसाच आहे. तुझ्या आईला सांग, माझी काळजी करायची तिची पाळी संपली.

मावशी


२० जून

प्रिय मावशी,

तुझं ऐकलं नाही. कागद हरवला नाही. आयाबाईंना कपड्यांच्या खोलीत गाठलं आणि विचारलं, "त्या चार कुठल्या?" त्यांनी चादरीची घडी घालता घालता सांगितल्या. मी आ वासून ऐकत राहिले.

एकदा चौदा नंबरची म्हातारी खाटेवरून पडली, कारण खाटेचा कठडा मोडलाय आणि तो दोरीनं बांधलेला असतो. महिन्याभरानं त्याच खाटेवरून दुसरी म्हातारी पडली. केस पेपरवर दोन्ही वेळा लिहिलं, 'पेशंट न विचारता उठली.' एकदा दोन बाळांच्या मनगटांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. आयाबाईंच्याच लक्षात आलं, कारण एका बाळाच्या कानामागे डाग होता. चिठ्ठ्या गुपचूप परत बदलल्या, बाळांच्या आयांना पत्ता नाही. आणि चौथी म्हणजे दहा नंबरचं इन्सुलिन अकरा नंबरला गेलं. ती बाई घामानं निथळून बेशुद्ध पडायला आली. मग साखरेचं पाणी, पळापळ, आणि नातेवाइकांना सांगितलं, 'अशक्तपणामुळे चक्कर आली.'

"तुम्ही कोणाला बोलला नाहीत?" मी विचारलं.

"तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत, सिस्टर," त्या म्हणाल्या.

मी इन्चार्ज सिस्टरकडे गेले. नाव घेतलं नाही. नुसतं म्हटलं, निदान तो कठडा तरी दुरुस्त करून घेऊ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "हे तुला कोणी सांगितलं?"

कठडा नाही विचारला, मावशी. म्हातारी कशी आहे तेही नाही.

आम्हा दोघींना कपड्यांच्या खोलीत कोणीतरी पाहिलं असणार; सोमवारी आयाबाईंची बदली लाँड्रीत झाली. एकोणीस वर्षं वॉर्डात काम केलेली बाई तळघरात वाफेत उभी असते. माझ्याकडे बघून हसली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता काय करू?

ठमी


२७ जून

ठमे,

मी सांगितलं होतं.

आता काहीही करू नकोस. टक्केवारी काढ, तक्ता सुंदर रंगव, साहेबांना दे. त्या बाईला भेटायला लाँड्रीत जाऊ नकोस, तिला आणखी त्रास होईल. इन्चार्ज सिस्टरशी दोन गोड शब्द बोल. त्या वाईट नाहीत, घाबरलेल्या आहेत. घाबरलेला माणूस कसा वागतो ते मला माहीत आहे.

यापुढे या विषयावर मला लिहू नकोस. आंबट-गोड काही असेल तर लिही.

मावशी


२ ऑगस्ट

प्रिय मावशी,

पाच आठवडे लिहिलं नाही. तू विषय बंद करायला सांगितलास म्हणून मी रुसले होते. आज रुसवा धरायला ताकद नाही.

आमच्या वॉर्डात एक बाई गेली. अडतीस वर्षांची. शाळेत गणित शिकवायची. पोटाच्या तक्रारीसाठी आली होती, बरी झाली होती, दुसऱ्या दिवशी घरी जाणार होती. सकाळी माझ्याकडून पेन्सिल मागून घेऊन वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसली होती.

अकराच्या सुमाराला एका सिस्टरनं तिच्या हातातली सुई तुंबू नये म्हणून मिठाचं पाणी सोडायला घेतलं. रोज वीस वेळा करतो आपण हे. ट्रेच्या डाव्या कप्प्यात त्या पाण्याच्या अँप्युल असतात. त्या दिवशी त्याच कप्प्यात पोटॅशियमच्याही होत्या. तीच उंची, तीच काच, तेच पाण्यासारखं नितळ औषध, फक्त अक्षरं वेगळी. अँप्युल हातात घेतली की काच गार लागते, आणि लेबल तळहाताकडे वळलेलं असलं की नुसती पाठ दिसते. तिनं अँप्युलची मान मोडली, सिरिंजमध्ये ओढलं आणि सोडलं. बाई म्हणाली, "हात भाजतोय हो." आणि कोडं हातातून खाली पडलं.

पंचेचाळीस मिनिटं आम्ही तिची छाती दाबत होतो. माझीही ड्युटी होती.

पोटॅशियम पातळ न करता शिरेत दिलं तर हृदय थांबतं. माझ्या कागदावरचा हा सतरावा प्रश्न होता. ज्यांना ज्यांना तो लागू होता, त्या सगळ्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं. मी त्या रकान्यात हिरव्या शाईनं शंभर टक्के लिहिलंय.

केस पेपरवर काय लिहिलं असेल? 'हृदयक्रिया अचानक बंद पडून.' डॉक्टरांनी ट्रेकडे पाहिलं, फुटलेल्या काचेकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं आणि तेच लिहिलं. ट्रे कोणीतरी धुऊन टाकला. तिचा नवरा आला. त्यानं माझे दोन्ही हात हातात धरले आणि म्हणाला, "तुम्ही सगळ्यांनी फार प्रयत्न केलेत. मी आभारी आहे."

त्या सिस्टरचं नाव लिहीत नाही. तिला जेवण जात नाही, झोप लागत नाही, आणि पाण्याचा ग्लास हातात धरला तरी तिला ती काच आठवते.

झाकली मूठ. असंच ना, मावशी? आता गप्पच बसायचं ना?

ठमी


७ ऑगस्ट

माझ्या लाडक्या ठमे,

ती सिस्टर तू आहेस. मला फसवू नकोस. काच बोटांना गार लागते, लेबल तळहाताकडे वळतं, हे लांबून बघणाऱ्याला कळत नाही. ज्याच्या हातात ती अँप्युल होती, त्यालाच कळतं.

मला कसं माहीत, ते आता सांगते. खाली बसून वाच.

माझ्या नोकरीचं नववं वर्ष. पुरुषांचा वॉर्ड, दुपारचे तीन. निमोनियाचा एक म्हातारा, सुतार होता. तेच मिठाचं पाणी सोडायचं होतं आणि माझ्या हाताला तेच लागलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, जणू मी त्याला काहीतरी विचारलंय आणि त्याला उत्तर आठवत नाहीये. तेवढ्यातच संपलं.

मी डॉक्टरांना त्याच मिनिटाला सांगितलं. ते म्हणाले, "तो तसाही गेला असता. तुम्हाला माहीत, मला माहीत. संपलं." तेच चार शब्द त्यांनी लिहिले जे तुमच्या डॉक्टरांनी लिहिले. मी तीन दिवस रजा घेतली आणि चौथ्या दिवशी कामावर आले. ट्रे तिथंच होता. तोच कप्पा. तो कप्पा वेगळा करा असं म्हणायला गेले असते, तर 'का?' असं कोणीतरी विचारलं असतं. म्हणून नाही म्हटलं.

दोन वर्षांनी त्याच ट्रेमधून तशीच अँप्युल एका नव्या सिस्टरनं उचलली. बावीस वर्षांची पोर. एक तरुण बाप गेला. त्याचे नातेवाईक शिकलेले होते, त्यांनी सोडलं नाही. चौकशी बसली. मी तेव्हा वॉर्डची इन्चार्ज होते. समितीनं मला विचारलं, "असं पूर्वी तुमच्या वॉर्डात कधी घडलं होतं का?"

मी म्हणाले, "एकदाही नाही."

ती पोर समोर बसली होती. मी तसं म्हटल्यावर तिनं मान खाली घातली. तिला काढून टाकलं, नोंदणी गेली. समितीनं लिहिलं की व्यवस्थेत दोष नाही, दोष त्या व्यक्तीच्या निष्काळजीपणाचा. माझं कौतुक झालं. पहिला माणूस माझ्या हातून गेला. दुसरा माझ्या बंद तोंडामुळे गेला, आणि त्याच्याबरोबर ती पोरही.

घाबरलेल्या माणसाचं वागणं मी तुला सांगत होते, ते हे. तुला गप्प बस म्हणत होते ते तुझ्या भल्यासाठी, असं मलाही वाटत होतं. आज वाटत नाही. आयाबाईंचा कागद हरवून टाक म्हणाले, ते स्वतःच्या भीतीपोटी.

हे पत्र मिळेल त्या दिवशी, त्या तासाला लिहून दे. सगळं. तुझं नाव घालून. नोकरी जाईल. जाऊ दे. माझी राहिली, आणि बघ मी काय झाले.

तुझी मावशी


१९ ऑगस्ट

मावशी,

ती सिस्टर मी नव्हते.

ती आमच्यातली सगळ्यात उंच, सगळे तिला ताड म्हणतात ती. आम्ही एकाच बाकावर शिकलो. मी तेव्हा दारात उभी होते.

तुझं पत्र मी ड्रेसिंगच्या खोलीत उभ्यानं वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना खाली बसले. मला काय वाटलं ते खोटं सांगत नाही. आधी तुझी दया आली नाही, राग आला. मी सोळा वर्षांची असल्यापासून ज्या शून्याकडे बघून चालत आले, तो शून्य म्हणजे पुसलेली पाटी होती. मग त्या बावीस वर्षांच्या मुलीचा विचार आला आणि राग तुझ्यापाशीच थांबेना. अकरा दिवस मी तुला लिहू शकले नाही, ते यामुळे.

पण तुझा नेम अगदीच चुकला नाही. त्या सकाळी ट्रे मी भरला होता. पोटॅशियमचा डबा फुटला होता, म्हणून चार अँप्युल मीच त्या डाव्या कप्प्यात ठेवल्या. 'नंतर काढू,' म्हटलं. काच गार लागली ती माझ्याच बोटांना. मी तुला सगळं लिहिलं आणि तेवढंच गाळलं. ताडनंही कोणाला सांगितलं नव्हतं की ट्रे कोणी भरला.

आम्ही दोघींनी मिळून लिहून दिलं, दोन्ही नावांनी. मोठे साहेब खुर्चीतून उठले. "तपासणी दोन महिन्यांवर आहे! तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?"

ताड म्हणाली, "साहेब, बाकीच्या वॉर्डांतले ट्रे आधी बघा. आम्हाला मग ओरडा."

ते तडक दाराकडे वळले. स्वतः एकेका वॉर्डात गेले. सहा वॉर्डांत, मावशी, सहा वॉर्डांत त्या अँप्युल मिठाच्या पाण्याशेजारी होत्या. साहेब परत आले तेव्हा त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. दुपारपर्यंत सगळ्या अँप्युल औषधाच्या मुख्य खोलीत कुलपात गेल्या.

मग आम्ही तिच्या घरी गेलो. साहेब म्हणत होते पत्र पाठवू. ताड म्हणाली, नाही. नवऱ्यानं दार उघडलं. टेबलावर तिनं तपासायला घेतलेल्या वह्या तशाच होत्या. ताडनं उभ्याउभ्याच सांगितलं, काहीही न लपवता. मग मी माझं सांगितलं. त्यानं टेबलावरच्या वह्या एकावर एक सारख्या केल्या.

"त्या दिवशी मी तुमचे आभार मानले," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

"आणि तुम्ही मला मानू दिलेत."

त्यानं आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं. त्यानं कागद पुढे केला आणि म्हणाला, "हे इथं लिहून द्या. मी तक्रार करणार आहे." आम्ही लिहून दिलं. निघताना त्यानं दार हळू लावलं.

आम्हा दोघींना वॉर्डातून काढलंय, चौकशी चालू आहे. काय होईल माहीत नाही. प्रश्नांचे भरलेले कागद टाकायला मी जूनमध्ये जी पेटी ठेवली होती, तिच्यात या आठवड्यात चुका कळवणाऱ्या सात चिठ्ठ्या आल्या. एक इन्चार्ज सिस्टरच्या अक्षरातली आहे, कठड्याची. आयाबाई मात्र अजून लाँड्रीतच आहेत. मी रोज जाते तिथं, तू नको म्हणालीस तरी.

मावशी, ती मुलगी कुठे असते? तुला माहीत आहे ना?

ठमी


३ सप्टेंबर

ठमे,

माहीत होतं. बसनं चाळीस मिनिटं. तिचा पत्ता माझ्याकडे अठ्ठावीस वर्षं आहे.

काल गेले. गुडघ्याचं कारण काढून दोनदा बस सोडली, तिसरीत चढले. ती आता पन्नाशीची आहे. पडदे शिवून देते. दारात मला बघून ओळखलं आणि सवयीनं सरळ उभी राहिली, वॉर्डात राउंडला उभी राहायची तशी. "बाई, तुम्ही?" म्हणाली. ते बघूनच मला परत फिरावंसं वाटलं.

आत बसवलं. मी चहा नको म्हणाले आणि सांगायला लागले. सुताराचं, ट्रेचं, डॉक्टरांचं, समितीत मी काय बोलले त्याचं. मला कमी ऐकू येतं, म्हणून मी मोठ्यानं बोलते. भिंतीपलीकडेही गेलं असेल. ती शिवणाच्या मशिनवर हात ठेवून ऐकत होती. 

माझं संपल्यावर म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होतं, जगात इतकी बेपर्वा मी एकटीच."

मी म्हणाले, "मला माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही."

"नाहीच," ती म्हणाली. रागानं नाही, मोजमाप सांगावं तसं. मग तिनं आतल्या खोलीकडे तोंड करून मुलीला हाक मारली. पंचविशीतली मुलगी बाहेर आली. मला नंतर कळलं, या बाईनं तिला कधीही सांगितलं नव्हतं की आपण नर्स होतो. मुलगी आमच्या दोघींकडे आलटून पालटून बघायला लागली.

"ये, माझ्याशेजारी बस," ती मुलीला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाई, आता हिला सांगा. पहिल्यापासून."

मी सांगितलं. पहिल्यापासून.

तुझी मावशी